चंबूतला चुना आणि समुद्रातला चुना

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की निवळी दुधाळ होते, हा प्रयोग आपल्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. निवळी दुधाळ झाली, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध झाले, मुलांनी अनुमान लिहून घेतले आणि तास संपला. पण वायू सोडत राहिले तर पुढे काय होते? उच्छ्वासाने याला फार वेळ लागतो. संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल टाकून निघणारा वायू निवळीत सोडला तर लवकर दिसते. दुधाळपणा हळूहळू कमी होतो आणि पाणी पुन्हा नितळ होते. ज्या वायूने कॅल्शियम कार्बोनेट तयार झाले त्याच वायूने, जास्त झाल्यावर, त्याचे विद्राव्य बायकार्बोनेट करून टाकले. आता हे नितळ पाणी उकळले की वायू निघून जातो आणि पाणी परत गढुळते. बोअरच्या पाण्याने बंबाला आणि किटलीला आतून जो पांढरा थर धरतो तो असाच तयार होतो.

प्रयोगाचा हा उत्तरार्ध आपण बहुधा वगळतो. या लेखासाठी मात्र तोच महत्त्वाचा आहे, कारण समुद्राचे पाणी कायम या उत्तरार्धात असते. त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि बायकार्बोनेटही भरपूर असते. उष्ण कटिबंधातील समुद्राचा वरचा थर तर कॅल्शियम कार्बोनेटच्या दृष्टीने अतिसंपृक्त असतो. म्हणजे हिशेबाप्रमाणे पाण्यातून चुना आपोआप खाली बसायला हवा. तो बसत नाही, कारण पाण्यातील मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि सेंद्रिय द्रव्ये स्फटिक तयार होण्याच्या आड येतात. अशा पाण्याला थोडासाच धक्का पुरेल असे वाटते. तो धक्का जिवाणू देतात का? या प्रश्नाचा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. त्यात एका तरुण संशोधकाचे निरीक्षण अचूक होते, त्यावरून काढलेले अनुमान मात्र टिकले नाही, आणि या दोहोंमधले अंतर जिवाणूंना किती खायला मिळते यावर अवलंबून होते.

हा प्रश्न पहिल्यांदा मनात आला तो ड्र्यूच्याच, असे नाही. ‘चॅलेंजर’ मोहिमेतील जॉन मरे यांनी रॉबर्ट अर्व्हाइन यांच्याबरोबर १८८९-९० च्या सुमारास दाखवले होते की समुद्राच्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ कुजले तर निघणाऱ्या अमोनियाच्या संयुगांमुळे चुना खाली बसतो. रशियात गिऑर्गी नाडसन यांनी १९०३ मध्ये सूक्ष्मजीव हे भूवैज्ञानिक कार्य करतात असे ठामपणे मांडले. पण उष्ण समुद्रांतील चुनखडीचे प्रचंड थर जिवाणूंनी घातले असावेत, असे म्हणण्याचे धाडस जॉर्ज हॅरॉल्ड ड्र्यू यांनी केले.

गंमत अशी की ड्र्यू चुन्याच्या शोधात निघालेच नव्हते. त्यांच्यापुढचा प्रश्न नायट्रेटचा होता. उत्तरेकडचे थंड समुद्र हिरवट, गढूळ आणि प्लवकांनी भरलेले असतात. उष्ण कटिबंधातील समुद्र निळेशार, नितळ आणि प्लवकांच्या दृष्टीने गरीब असतात. ऊन तर तिकडे जास्त, मग असे का? जर्मनीतील कील येथील कार्ल ब्रांट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचे एक उत्तर सुचवले होते. समुद्रात नायट्रेटचे विघटन करून नायट्रोजन वायू मोकळा करणारे जिवाणू असतात. उष्ण पाण्यात ते जोमाने वाढतात, नायट्रेट संपवून टाकतात आणि वनस्पतिप्लवकांना खत उरत नाही. ही उपपत्ती उष्ण समुद्रात जाऊन तपासायला हवी होती. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळ टॉर्टुगास बेटांवर वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेची सागरी प्रयोगशाळा १९०४ पासून होती आणि आल्फ्रेड मेयर तिचे संचालक होते. इंग्लंडमधील प्लिमथच्या प्रयोगशाळेत काम करणारे ड्र्यू १९११ मध्ये तेथे दाखल झाले.

समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम नायट्रेट, फॉस्फेट आणि एखाद्या सेंद्रिय आम्लाचे कॅल्शियम लवण घालून ते जिवाणूंना ‘जेवण’ म्हणून देण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. ड्र्यू यांनी अशा चंबूंमध्ये तेथील समुद्राचे नमुने टाकले. नायट्रेट नाहीसे झाले. म्हणजे ब्रांट यांना हवे असलेले जिवाणू तेथे होते. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. चंबूतले द्रव दुधाळले आणि तळाशी बारीक पांढरी पूड जमली. ती कॅल्शियम कार्बोनेटची होती. नायट्रेट शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती चुना आला होता.

पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, ड्र्यू बहामा बेटांपैकी अँड्रॉस बेटाच्या पश्चिमेला गेले. तेथे मैलोन्‌मैल समुद्र जेमतेम चार-पाच मीटर खोल असून तळाशी लोण्यासारखा मऊ, पांढरा, चुन्याचा गाळ साचलेला आहे. या गाळात त्यांना जिवाणू अफाट संख्येने आढळले. त्यांतील मुख्य जिवाणूला त्यांनी ‘बॅक्टेरियम कॅल्सिस’ असे नाव दिले आणि अनुमान मांडले: हे जिवाणू नायट्रेट मोडतात, त्यामुळे पाणी अधिक अल्कधर्मी होते, चुना अवक्षेपित होतो, बहामातला गाळ असाच तयार होत आहे आणि जुन्या काळातील कित्येक चुनखडी खडकांचा उगमही असाच असावा. एका जिवाणूने प्लवकांची गरिबी आणि खडकांची श्रीमंती अशी दोन कोडी एकदम सोडवली. इतके देखणे उत्तर वैज्ञानिकाला क्वचितच सापडते.

या कामाचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा ड्र्यू हयात नव्हते. १९१३ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांचे निधन झाले. आपल्या उपपत्तीवरचे आक्षेप ऐकायला, तिच्यात सुधारणा करायला किंवा ती मागे घ्यायला त्यांना अवधीच मिळाला नाही. अमेरिकन भूवैज्ञानिक टी. वेलँड व्हॉन यांनी मात्र ती उचलून धरली, आणि समुद्रातील जिवाणू चुना पाडतात हे विधान भूविज्ञानात रुळू लागले. १९१४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील केलरमन आणि स्मिथ यांनी दाखवले की नायट्रेट मोडणे हा एकच मार्ग नाही. प्रथिनयुक्त पदार्थांपासून अमोनिया करणारे जिवाणूही चुना पाडतात. तेव्हा हे ड्र्यू यांना बळकटी देणारेच वाटले असणार.

खरा आक्षेप दहा वर्षांनी आला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स लिपमन हे मूळचे मातीतल्या जिवाणूंचे अभ्यासक. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर केलेल्या कामावर आधारित त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये आणि पुढच्या अभ्यासाचा दुसरा १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चंबूत चुना पाडू शकणारे जिवाणू एक नव्हे, अनेक आहेत, पण ते चुना पाडतात तो आपण त्यांच्यापुढे वाढलेल्या ताटामुळे. साध्या समुद्राच्या पाण्यात, त्यात काहीही न घालता, तेच जिवाणू ठेवले तर चुना पडत नाही.

या आक्षेपाचे वजन कळण्यासाठी आपण आजच्या आकड्यांनी एक हिशेब करू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना तो सहज जमेल. समजा एका लिटर माध्यमात अर्धा ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घातले. जिवाणूंच्या माध्यमांत एवढे प्रमाण मुळीच जास्त समजले जात नाही. त्यात नायट्रेट सुमारे ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल असते. सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणूंनी नायट्रेटचा एक आयन मोडून नायट्रोजन वायू केला की पाण्यात साधारण एका बायकार्बोनेट आयनाची भर पडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मुळात सुमारे २ मिलिमोल बायकार्बोनेट असते. त्यात या ५ ची भर पडली की ते तिपटीहून अधिक होते. जे पाणी आधीच अतिसंपृक्त आहे आणि ज्यात आपण कॅल्शियमचे लवणही वरून घातले आहे, त्यातून चुना न पडला तरच नवल.

आता तोच हिशेब खऱ्या समुद्रासाठी करा. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या वरच्या थरात नायट्रेट बहुतेक वेळा एका लिटरला १ मायक्रोमोलपेक्षाही कमी असते, म्हणजे चंबूतल्याच्या पाच हजाराव्या हिश्शापेक्षा कमी. जिवाणूंनी ते सगळेच्या सगळे मोडले तरी बायकार्बोनेटमध्ये दोन हजारांत एक एवढीही वाढ होणार नाही. शिवाय या वरच्या थरात ऑक्सिजन भरपूर असतो आणि तो मिळत असताना हे जिवाणू सहसा नायट्रेटकडे वळतच नाहीत. दुष्काळी गावात पंगत घालून तेथील लोकांचा रोजचा आहार ठरवावा, तसे हे झाले होते.

नायट्रेटचे जे, तेच सेंद्रिय अन्नाचे. समुद्रातील जिवाणूंसाठी क्लॉड झोबेल यांनी सुचवलेल्या आणि आजही वापरात असलेल्या माध्यमात लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन आणि १ ग्रॅम यीस्टचा अर्क असतो. खुल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि त्यातलाही बराचसा जिवाणूंना सहज पचणारा नसतो. म्हणजे ताटातले अन्न दोन-तीन हजार पट. त्यातून समुद्रातील बहुसंख्य जिवाणू अशा मेजवानीत वाढतच नाहीत. बशीत जे वाढतात ते थोडे, खादाड म्हणावेत असे. ड्र्यू काय किंवा लिपमन काय, दोघांनाही मोजता आले ते हेच.

हा फरक आम्ही स्वतःही पाहिला आहे. कॅल्शियम ॲसिटेट आणि यीस्टचा अर्क घातलेल्या आगरवर वाढवलेली एका समुद्री जिवाणूची बशी आमच्या कपाटात विसरून राहिली होती. काही आठवड्यांनी ती हाती आली तेव्हा जिवाणूंच्या थरावर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण चमकत होते. आम्लाचा थेंब टाकताच ते फसफसले. उत्साहाने आम्ही तोच जिवाणू गाळून निर्जंतुक केलेल्या साध्या समुद्राच्या पाण्यात घातला आणि महिनाभर वाट पाहिली. काही झाले नाही. मग माध्यमात थोडी जास्त साखर घालून पाहिली. जिवाणू तर वाढले, पण द्रव आम्लधर्मी झाले आणि एकही स्फटिक दिसला नाही.

साखरेचा हा अनुभव महत्त्वाचा आहे, कारण प्रश्न केवळ अन्न किती याचा नाही, कोणते याचाही आहे. प्रथिने पचवताना जिवाणू अमोनिया बाहेर टाकतात, पाणी अल्कधर्मी होते आणि चुना पडण्याकडे कल होतो. साखर मिळाली की बरेच जिवाणू सेंद्रिय आम्ले तयार करतात, आणि पडलेला चुनाही विरघळू लागतो. ऑक्सिजन भरपूर असेल तर नुसत्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि आपल्या निवळीच्या प्रयोगाचा उत्तरार्ध घडतो. म्हणजे एकच जिवाणू आहाराप्रमाणे चुना बनवणारा ठरेल किंवा चुना खाणारा. ‘बॅक्टेरियम कॅल्सिस’ हे नाव म्हणूनच फसवे होते. त्या नावामुळे चुना पाडणे हा त्या जिवाणूचा जातिधर्म आहे असे वाटे. १९७३ मध्ये स्पेनमधील बोके, बोरोनाट आणि रामोस-कोरमेन्साना यांनी ‘नेचर’ मध्ये मातीतील जिवाणूंवर एक छोटासा लेख लिहिला. योग्य माध्यम दिले तर कॅल्साइटचे स्फटिक तयार करणे ही जिवाणूंमध्ये सर्वसाधारणपणे आढळणारी गोष्ट आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग अँड्रॉसजवळचा तो पांढरा गाळ आला कोठून? त्याचे एक उत्तर अनपेक्षित दिशेने मिळाले. हाइन्झ लोवेनस्टॅम यांनी १९५५ मध्ये दाखवले की या उथळ समुद्रांत वाढणारी काही हिरवी शैवाले आपल्या शरीरात ॲरागोनाइटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांचा साठा करतात. शैवाल मेले की ते विखुरतात आणि गाळातील सुयांसारखेच दिसतात. दक्षिण फ्लोरिडातील उथळ पाण्यात स्टॉकमन, गिन्सबर्ग आणि शिन यांनी १९६७ मध्ये अशा शैवालांचे उत्पादन मोजले, तेव्हा तेथील बारीक गाळाचा मोठा वाटा त्यांच्यातूनच येऊ शकतो असे दिसले. बहामाच्या समुद्रात मधूनमधून पाण्याचे दुधी पट्टे दिसतात. ते जागच्या जागी पडणाऱ्या चुन्याचे, की तळाचा गाळ ढवळून वर आल्याचे, याबद्दल अजून एकमत नाही. १९९२ मध्ये रॉबिन्स आणि ब्लॅकवेल्डर यांनी यात अतिसूक्ष्म प्लवकांचा हात असल्याचे पुरावे मांडले. इतरांना ते पटले नाहीत.

पण ड्र्यू पूर्ण चुकले होते असे म्हणून हा विषय मिटवता येणार नाही. चंबूतली मेजवानी समुद्रात कोठेच मिळत नाही का? मिळते, पण ठरावीक जागी. जर्मन शास्त्रज्ञ व्हेर्नर बाव्हेनडाम यांनी अँड्रॉसलाच जाऊन काम केले आणि १९३२ मध्ये लिहिले की जिवाणूंच्या हातून चुना पडण्याची खरी जागा खुले पाणी नसून खारफुटीची दलदल आहे. कुजणारी पाने, काळा चिखल, ऑक्सिजनचा अभाव, आणि सल्फेटवर जगून हायड्रोजन सल्फाइड सोडणारे जिवाणू. कोकणातल्या खाडीत भरती ओसरल्यावर चिखलात पाय रुतला की जो सडक्या अंड्याचा वास येतो, तो अशाच जिवाणूंचा. सल्फेट मोडतानाही बायकार्बोनेट तयार होते, आणि सल्फेटची समुद्राला वाण नाही; ते नायट्रेटच्या हजारो पट असते. तेथे कमी पडते ते सेंद्रिय अन्न. ते जेथे साचते तेथे चंबूसारखी परिस्थिती निसर्गातच तयार होते.

२००० मध्ये पामेला रीड, पीटर व्हिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहामातीलच हायबोर्न के येथील स्ट्रोमॅटोलाइटचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर चढून बनलेले खडक. त्यांच्या पृष्ठभागावरचे नीलहरित जिवाणू उन्हात अन्न तयार करतात आणि बुळबुळीत चिकट द्रव्य पाझरतात. हे द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणजे सुरुवातीला चुना पडू देत नाही. वाढ थांबलेली असते त्या काळात सल्फेटवर जगणारे जिवाणू हे द्रव्य खातात. कॅल्शियम सुटते, बायकार्बोनेट वाढते आणि चुन्याचा पातळ कडक पापुद्रा तयार होतो. जाडी मिलिमीटरच्या अंशाएवढी. ड्र्यू यांनी अनेक मैलांच्या समुद्रात पाहिलेली क्रिया या पापुद्र्यात खरी होती.

अन्नाची चणचण आणि सुबत्ता यांचा खेळ दुसऱ्या एका खनिजात याहून ठळक दिसतो. आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर, नामिबियापाशी, खोल समुद्रातले पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. प्लवक उदंड, आणि त्यांचे अवशेष तळाशी पडून चिखल ऑक्सिजनविरहित. या चिखलात हाइडे शुल्झ यांना १९९७ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जिवाणू सापडले, मोत्यांच्या सरासारखे. १९९९ मध्ये त्यांचे ‘थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस’ असे नामकरण झाले. २०२२ मध्ये ग्वादलूप बेटावरच्या त्यांच्या भावंडाची माहिती येईपर्यंत हाच माहीत असलेला सर्वांत मोठा जिवाणू होता. हा जिवाणू पेशीत नायट्रेटची कोठी भरून ठेवतो, भोवतीच्या पाण्याच्या दहा हजार पटींपर्यंत, आणि चणचणीच्या काळात त्यावर भागवतो. फॉस्फेटचाही असाच साठा करतो. शुल्झ यांनी २००५ मध्ये दाखवले की ऑक्सिजन नसताना या जिवाणूंना ॲसिटेट हे अन्न दिले तर ते साठवलेले फॉस्फेट बाहेर टाकतात. समुद्रतळावर हे जिवाणू जेथे दाट असतात नेमक्या त्याच काही सेंटिमीटरच्या थरात पाण्यातले फॉस्फेट एकदम चढलेले असते आणि ॲपेटाइट हे फॉस्फेटयुक्त खनिज जमलेले असते. खतकारखान्यांत लागणारा फॉस्फेटचा खडक म्हणजे मुख्यतः हेच खनिज.

ब्रांट यांच्या मूळ प्रश्नाचे काय झाले, तेही सांगायला हवे. उष्ण समुद्र गरीब असतात ते जिवाणूंनी नायट्रेट फस्त केल्यामुळे नव्हे. वरचे गरम, हलके पाणी खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखे बसते आणि तळातली पोषकद्रव्ये वर येऊ शकत नाहीत. ज्या जिवाणूंवर ब्रांट आणि ड्र्यू यांनी आळ घेतला ते मोठ्या प्रमाणावर काम करतात ते ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या मधल्या थरांत. जगातील खुल्या समुद्रांत असे तीन मोठे प्रदेश आहेत: दोन पूर्व पॅसिफिकमध्ये आणि तिसरा आपला अरबी समुद्र. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रदेशाचा अनेक वर्षे अभ्यास केला. मुंबईपासून पश्चिमेकडे गेले की सुमारे दीडशे मीटर खोलीखाली, काही शे मीटर जाडीच्या थरात, लिटरमागे १० मायक्रोमोलच्या घरात नायट्रेट नाहीसे झालेले आढळते. वरचाच हिशेब पुन्हा केला तर त्यामुळे तेथील बायकार्बोनेट वाढते ते शेकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तेथील पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन कितीही दिवस ठेवला तरी तो त्या वाढीने दुधाळत नाही.